मरव्याला ताण

फ्यूजकाकांना झाडांतलं ओ की ठो कळत नव्हतं. ही गोष्ट अख्ख्या गल्लीला ठाऊक होती, ठाऊक नव्हती ती फक्त त्यांना. आता त्यांनाही कळली आहे आणि ते ती आपणहून सांगत सुटतात, समोरच्यानं विचारलेलं नसलं तरी. "आमच्यासारखा माळी दिवा घेऊन शोधा, सापडायचा नाही," असं म्हणतात आणि मरव्याची हकिगत सुरू करतात. पण त्यांच्या तोंडून ऐकायला बसलात तर मधेच वादळ येतं, साहेब येतात, कुठला तरी जळालेला ट्रान्सफॉर्मर येतो आणि मरवा राहतो बाजूला. म्हणून आपणच ती सरळ सांगून टाकू.

माणूस वायरमन. निवृत्त झालेला, पण वायरमनच. उभा जन्म खांबांवर गेला. गल्लीत कुणाकडे अंधार झाला की लोक थेट त्यांच्या दारात यायचे, त्यावरून फ्यूजकाका हे नाव पडलं ते कायमचं चिकटलं. निवृत्तीनंतर हातातली पक्कड सुटली नाही आणि खिशातलं तारेचं भेंडोळंही सुटलं नाही. घरात काहीही मोडलं की उपाय एकच, तार. खुर्चीचा पाय तारेनं बांधलेला, कपाटाची कडी तारेची, बायकोच्या चष्म्याची काडीसुद्धा तारेनं आवळलेली. लेक लहान असताना तिच्या बाहुलीचा हात निखळला, तर तोही यांनी तारेनं बसवून दिला. हात इतका पक्का बसला की विचारू नका, फक्त त्या बाहुलीला पुन्हा कुशीत घेता येईना. टोचायची.

आणि त्यांची खरी शेखी होती ती ताणाची. आता ताण म्हणजे काय, तर रस्ता वळतो तिथे तारा खांबाला एका बाजूला ओढत असतात. नुसता उभा केला तर खांब आज ना उद्या कलायचाच. म्हणून उलट बाजूला जमिनीत लोखंडी खुंट पुरायचा आणि खांबाच्या डोक्यापासून त्या खुंटापर्यंत जाड तार घट्ट ओढून बांधायची. ती तार म्हणजे ताण. "मी दिलेला ताण आजवर ढिला पडलेला नाही," हे वाक्य फ्यूजकाकांच्या तोंडी दिवसातून एकदा तरी यायचंच. संध्याकाळी फिरायला निघाले की वाटेतल्या ताणांना बोटानं टिचकी मारून बघायचे. बेकरीच्या वळणावरचा ताण तर त्यांचा फार लाडका. टिचकी मारली की तो टणत्कार करायचा आणि हे खूश होऊन पुढे चालायचे. सबंध गावाचा उजेड आपण दिलेल्या ताणांवर उभा आहे असं त्यांना मनापासून वाटायचं. गावाला तसं काही वाटत नव्हतं, पण गावानं ते कधी बोलून दाखवलं नाही.

घरामागची बाग मात्र बायकोची. स्वयंपाकघराच्या दारापासून मागच्या भिंतीपर्यंतची चिंचोळी जागा, त्यात तिनं लावलेल्या सगळ्या वासाच्या वनस्पती. मोरीच्या पाण्याशी पुदिना, कोपऱ्यात गवती चहाचं बेट, कुंडीत रोझमेरी आणि भिंतीलगतच्या उतरत्या वाफ्यात मरवा. एका हंगामात फुलून मरणारी झाडं तिला आवडायची नाहीत. एकदा लावावं, दर थंडीत सांभाळावं आणि थंडी सरली की पुन्हा फुटताना बघावं, हे तिचं सुख. "एकदा घरात आणलेलं ही सहसा टाकत नाही," फ्यूजकाका म्हणतात, "म्हणून तर मी टिकलो."

त्या सगळ्यांत मरव्याची गोष्ट वेगळी होती. तो तिच्या आईच्या परसातला. पोरींपैकी कुणी रडायला लागली की आई मरव्याचं पान तळहातावर चोळायची आणि तो हात पोरीच्या नाकाशी धरायची. पोरगी वास घेता घेता रडायचं विसरून जायची. आई गेली, मग भावांनी घर विकलं आणि नव्या मालकानं परसात गाड्या लावायला सिमेंट ओतलं. त्याच्या आदल्या दिवशी ही जाऊन ओल्या रुमालात गुंडाळून मरव्याची एक फांदी घेऊन आली. दारात उभ्या असलेल्या फ्यूजकाकांनी तेव्हा विचारलं होतं, "माहेराहून एवढंच आणलंस? पाचोळा?" त्यावर ती त्यांच्याशी सबंध आठवडा धड बोलली नव्हती. फांदी जगली, वर्षानुवर्षं झुडूप होऊन राहिली आणि आईच्या घरातली तेवढी एकच गोष्ट आता जगात उरली होती.

त्या वर्षी थंडी तोंडावर आली आणि लेकीचा फोन आला. दिवस गेलेले होते, डॉक्टरांनी अंथरुणातून उठायचं नाही असं बजावलं होतं. लेक राहायला लांबच्या शहरात. बायकोनं बॅग भरली. थंडी संपेपर्यंत तिकडेच राहायचं हे ठरून गेलं. गाडी दारात येऊन हॉर्न वाजवायला लागली तरी हिचं लक्ष बागेत.

"अहो, नीट ऐका. पुदिना वाळून काळा पडेल, पडू दे. उपटू नका, खाली जिवंत असतो. गवती चहा कापून वर पाचोळा घाला. रोझमेरीची कुंडी उन्हाच्या भिंतीशी सरकवा. आणि मरव्याला ताण द्या. थंडीभर ताण ठेवा, मधेच सोडू नका."

"ताण?" फ्यूजकाकांची छाती फुगली. "हे तू मला सांगतेस? जन्म गेला माझा ताण देण्यात."

"म्हणजे तुम्हाला माहितेय?"

"अगं, जा तू. लेक वाट बघतेय. ताणाचं माझ्यावर सोड."

गाडीनं पुन्हा हॉर्न दिला. तिनं गाडीत बसून काच खाली केली, मरव्याच्या दिशेनं एकदा बघितलं आणि म्हणाली, "बाकीचं काही गेलं तरी चालेल हो. तेवढा मरवा जगवा." मग गाडी गेली.

आता बागवाले ताण म्हणतात तेव्हा त्यांच्या मनात काय असतं, हे वाचणाऱ्यांपैकी ज्यांच्या घरी झाडं आहेत त्यांना ठाऊक असेल. फ्यूजकाकांना नव्हतं. त्यांच्या डोक्यात ताण म्हटला की एकच गोष्ट, तार आणि खुंट. आणि ते त्यांना पटलंही लगेच. झुडूप केवढंसं, फांद्या लवचीक, थंडीतला वारा बोचरा. कलणार नाही तर काय होईल? बायको शहाणी आहे, तिला बरोबर सुचलं, असं ते स्वतःशी म्हणाले. इतक्या वर्षांत बायकोच्या एखाद्या बोलण्याचा अर्थ त्यांना पहिल्या फटक्यात लागला होता, ही गोष्ट त्यांना संशयास्पद वाटायला हवी होती. पण अक्कल तेव्हा कुठे चरायला गेली होती कोण जाणे.

दुसऱ्या दिवशी सकाळीच काम सुरू झालं. चार लोखंडी खुंट्या, पातळ तार, पक्कड. मरव्याच्या चार लांब फांद्या निवडल्या, तार रुतू नये म्हणून देठांना जुन्या बनियनच्या चिंध्या गुंडाळल्या आणि चार दिशांना खुंट्या ठोकून प्रत्येक फांदी ओढून खाली बांधली. फांद्या जमिनीला टेकल्या. त्यांच्यावर थोडी माती थापली, म्हणजे वाऱ्यानं हलायला नकोत. भिंतीकडची खुंटी ठोकताना जरा त्रास झाला, कारण वाफा तिकडे उंच होता आणि माती भुसभुशीत होती. तिथे त्यांनी खुंटी दगडाखाली दाबून बसवली. शेवटी चारही तारांना एकेक टिचकी मारून बघितली. बारीक का होईना, पण आवाज आला.

एवढ्यात भिंतीवरून शेजारणीचं डोकं वर आलं. शेजारीण म्हणजे निवृत्त नर्स, तिला सगळे सिस्टर म्हणायचे. तिनं खाली बघितलं आणि चष्मा कपाळावर सरकवला.

"काय हो फ्यूजकाका, मरव्याला ट्रॅक्शन लावलंय का? हाड मोडलं?"

"ताण दिलाय सिस्टर. थंडीसाठी. बागेचं एक शास्त्र असतं."

"असेल बाई. माझ्याकडे प्लास्टिकची झाडं आहेत, त्यांना काही लागत नाही." सिस्टरनं थोडा वेळ बघितलं. "पण बांधून ठेवलंय तर पाणी भरपूर पाजा हो. अंथरुणाला खिळलेल्या पेशंटला पहिलं पाणी कमी पडतं. आमच्या वॉर्डात मी दर थोड्या वेळानं पाजायची."

हे फ्यूजकाकांना एकदम पटलं. बांधलेला जीव, तो कुणाकडे पाणी मागणार? त्यांनी मरव्याच्या बुंध्याभोवती छान खोलगट आळं केलं आणि रोज सकाळी झारी भरून त्यात ओतायला सुरुवात केली. ज्या दिवशी थंडी जास्त असेल त्या दिवशी कोमट करून. पाणी घालायचे, तारांना टिचकी मारायचे, समाधानानं मान हलवायचे आणि आत येऊन आपल्यापुरता चहा टाकायचे. बाकीच्या झाडांकडे लक्ष द्यायला वेळच नव्हता. पुदिना काळा पडला तेव्हा एकदा तो उपटायला हात पुढे गेला, पण उपटायचं नाही हे लक्षात होतं. गवती चहा कापला, पाचोळा टाकला आणि विसरले. रोझमेरी भिंतीशी सरकवली आणि विसरले. पुढे कळलंच की ज्यांना ते विसरले ती सगळी धडधाकट जगली.

बायकोचा फोन एक दिवसाआड यायचा. लेक बरी आहे, झोप नाही, पाय सुजलेत, अशा गोष्टी. आणि मग हळूच, "मरवा कसा आहे?"

"राजासारखा बसलाय," हे सांगायचे.

थंडी मध्यावर आली. सकाळी पिंपातल्या पाण्यावर बर्फाचा पातळ पापुद्रा धरायला लागला. एका सकाळी फ्यूजकाका नेहमीसारखे झारी घेऊन वाफ्याशी उभे होते, एक धार मरव्याच्या आळ्यात चालली होती आणि फोन वाजला. त्यांनी एका हातानं तो कानाला लावला, दुसऱ्या हातातली धार चालूच.

"अहो, मरव्याला ताण चांगला बसलाय ना?"

"बसलाय म्हणजे! बोट लावलं तर वाजतो."

"वाजतो? म्हणजे माती इतकी कडक झाली? भेगा पडल्यात का हो? अहो, इतका नको ताण. पाणी तोडायचं म्हणजे अगदीच थेंबही नाही असं नसतं. अधूनमधून वाटीभर घाला."

फ्यूजकाकांच्या हातातली झारी तशीच वाकडी राहिली. "पाणी... तोडायचं?"

"हो मग! ताण म्हणजे दुसरं काय? थंडीत त्याचे पाय ओले राहिले की तो कुजतो. म्हणून तर तुम्हाला दहादा सांगितलं ना, ताण द्या म्हणून. तुम्ही म्हणालात मला माहितेय."

तोंडचं पाणी पळणं म्हणजे काय ते फ्यूजकाकांना त्या दिवशी कळलं. तोंडचं होतं तेवढं पळालं, बाकीचं सगळं मरव्याच्या मुळाशी साचलं होतं. त्यांनी आळ्यात बघितलं. तिथे पाणी चमकत होतं आणि पाण्यात त्यांचं स्वतःचं तोंड दिसत होतं, कानाला फोन लावलेलं. असं बावळट तोंड त्यांनी बऱ्याच दिवसांत बघितलं नव्हतं.

"अहो, ऐकताय ना? तोडलंय ना पाणी?"

आता खरं सांगायची वेळ हीच होती. तोंड उघडलंही होतं. पण मागून लेकीच्या कण्हण्याचा आवाज आला, बायको फोन बाजूला धरून "आले गं" म्हणाली. तिचा आवाज इतका थकलेला होता की यांच्या जिभेवरचं तसंच परत गेलं.

"तोडलंय," ते म्हणाले. "कधीच तोडलंय."

फोन ठेवल्यावर त्यांनी चहाच्या कपानं आळ्यातलं पाणी उपसायला सुरुवात केली. कप भरायचा, भिंतीपलीकडे फेकायचा. पहिलाच कप सिस्टरच्या वाळत घातलेल्या चादरीवर गेला. सिस्टर तणतणत भिंतीवर आली आणि यांचं तोंड बघून चादरीचं विसरली. यांनी तिला सगळं सांगितलं. सिस्टर पोट धरून हसली, हसता हसता तिनं डोळे पुसले आणि मग एकदम तिच्या लक्षात आलं की भरपूर पाणी पाजायला तिनंच सांगितलं होतं. ती हसायची थांबली.

"बघू तरी," असं म्हणून ती पुढच्या दारानं वळसा घालून बागेत आली आणि मरव्याच्या देठाला दोन बोटं लावून उकिडवी बसली, नाडी बघायला बसावं तशी. बुंधा मऊ पडला होता. जमिनीलगत काळा झाला होता. पानं तर कधीच गळायला लागली होती, पण हे रोज टिचक्या मारण्यात गुंग. सिस्टरनं बोटं स्कर्टला पुसली.

"पाय गेलेत हो फ्यूजकाका," ती हळू आवाजात म्हणाली. "वर येईल काळं हळूहळू."

तसंच झालं. झुडूप मधूनच काळं पडत गेलं आणि लवकरच त्यात जीव उरला नाही. फ्यूजकाका पायरीवर बसून त्याच्याकडे बघायचे. वा रे वायरमन, स्वतःला म्हणायचे, सगळ्या गावाला उजेड दिलास आणि घरात बायकोच्या आईला मारलंस. हे जरा जास्तच होतं, सासूबाई केव्हाच्या गेल्या होत्या. पण त्यांना तसंच वाटायचं, आणि पायरीवर बसलेला तो दांडगा माणूस बाहीनं डोळे पुसायचा. मग रागारागानं पक्कड घेऊन ते एकदा उठले आणि त्यांनी तारा तोडल्या. तीन फांद्या कटकन मोडून हातात आल्या. चौथी, भिंतीकडची. तिची तार तोडली, पण फांदी काही वर आली नाही. पाचोळ्यात गुंतली असेल, म्हणून त्यांनी ती तशीच सोडली, बुंध्यालगत छाटली आणि वर आणखी पाचोळा लोटून दिला. दगडाखालची खुंटीही तशीच राहिली. कोण आता बघत बसणार!

मग लेक बाळंत झाली. मुलगी. बायकोचा फोन आला तेव्हा ती हसत होती आणि रडतही होती.

"अहो, फार रडते हो. डोळे मिटून, मुठी आवळून. मी म्हटलं, थांब, थंडी सरू दे. मी घरी जाते आणि तुझ्या पणजीचा मरवा घेऊन येते. फांदी इथे खिडकीत लावायची, हे मी ठरवूनच टाकलंय. आईनं मला दिला, मी लेकीला देईन. मरवा बरा आहे ना?"

"बरा आहे," फ्यूजकाका म्हणाले. खोट्याला खोटं जोडायला तारसुद्धा लागत नाही, हे त्यांना या वयात समजलं.

त्यानंतर त्यांनी केलं ते तुम्हाला आवडणार नाही, आणि त्यांनाही आवडलेलं नाही. थंडी सरत आली तशी बायकोच्या येण्याची तारीख ठरली. फ्यूजकाका मान खाली घालून नर्सरीत गेले आणि मरवा मागितला.

"छान निघालाय बघा," नर्सरीवाला कुंडी पुढे करत म्हणाला. "मरवा म्हणजे मरवा, सगळे सारखेच. फक्त अजून गारवा आहे, जरा ताण द्या."

फ्यूजकाका असे दचकले की नर्सरीवाल्यानं कुंडी परत मागे घेतली.

घरी येऊन त्यांनी मेलेलं खोड उपटलं आणि तो जुन्याच जागी लावला. नाकाशी पान धरून बघितलं. आता त्यांचं नाक म्हणजे शोभेचं, जळक्या वायरींचे वास घेऊन घेऊन कधीच कामातून गेलेलं. पुदिना आणि मरवा यांतला फरक त्यांना रंगावरून कळायचा. तरी त्यांनी खूप वेळ वास घेतला आणि स्वतःची समजूत घातली, हुबेहूब. सिस्टरनं भिंतीवरून बघितलं, चष्मा कपाळावर सरकवला आणि पुन्हा खाली गेली.

बायको दुपारी आली. बॅग ओट्याशी ठेवली, पाणी प्यायली आणि चपला न बदलता सरळ मागच्या दारानं बागेत गेली. फ्यूजकाका तिच्या मागोमाग, हात मागे बांधून, घरी प्रगतिपुस्तक दाखवायला निघालेल्या पोरासारखे. पुदिन्याला कोवळी पानं फुटलेली बघून ती खूश झाली. गवती चहाची हिरवी टोकं पाचोळ्यातून वर आली होती, तीही बघितली. रोझमेरीवरून हात फिरवला. मग मरव्यापाशी आली आणि थांबली.

"हा कोण?"

"कोण म्हणजे? मरवा."

ती खाली बसली. एक पान खुडलं, तळहातावर चोळलं, हात नाकाशी नेला. खूप वेळ तशीच बसून राहिली. फ्यूजकाकांचं धाबं दणाणलं.

"मरवाच आहे," ती म्हणाली. "आईचा नाही."

तिचा आवाज चढला असता तर बरं झालं असतं. चढला नाही. फ्यूजकाका तिच्याशेजारी मातीतच बसले आणि त्यांनी सगळं ओकून टाकलं. चार खुंट्या, चार तारा, बनियनच्या चिंध्या, कोमट पाणी, सिस्टर, चहाचा कप, चादर, नर्सरी. "अगं, तू ताण म्हणालीस. मला वाटलं ताण." एवढंच ते पुन्हा पुन्हा म्हणत राहिले. "मी टिचकी मारून बघायचो गं रोज. वाजायचा."

बायको त्यांच्याकडे बघत राहिली. आधी तिच्या ओठांचा कोपरा हलला. मग तिनं पदर तोंडात कोंबला, पण त्यानं काही उपयोग झाला नाही, हसू फुटलंच. ती इतकी हसली की मागे हात टेकून बसावं लागलं. "मरव्याला... तारा... ठोकल्या..." आणि हसता हसताच ती रडायला लागली, आवाज न करता, नाक पुसत. फ्यूजकाकांना काय करावं कळेना. खिशातलं तारेचं भेंडोळं त्यांनी काढलं, बघितलं आणि परत ठेवून दिलं. रडणाऱ्या बायकोला तारेनं काही करता येत नाही.

"कुठे ठोकल्या होत्या?" शेवटी तिनं विचारलं.

त्यांनी बोटानं दाखवलं. इथे, इथे, इथे आणि तिथे, भिंतीशी, दगडाखाली. तिथली खुंटी अजून होती. ती काढून टाकावी म्हणून बायको पुढे सरकली, पाचोळा बाजूला करू लागली आणि तिचा हात थबकला. पाचोळ्याखाली खुंटीच्या अगदी जवळ, बनियनच्या कुजक्या चिंधीशेजारी, हिरवीगार पानं होती. लहान, दाट, एकमेकांना चिकटून वर आलेली.

"अहो, आधी ही तार सोडा. किती आवळून ठेवलीय बिचारीला."

"तार? ती कधीच तोडली मी."

"मग ही वर का येत नाही?"

तिनं फांदी दोन बोटांत धरून हलकेच ओढली. फांदी येईना. फ्यूजकाका वाकले. बुंध्याकडचं टोक तर त्यांनी स्वतःच छाटलेलं होतं, तार नव्हती, काहीच नव्हतं. तरी फांदी जागची हलत नव्हती. बायकोनं नखांनी माती उकरली आणि तिथे पांढऱ्या बारीक मुळ्या दिसल्या, भुसभुशीत कोरड्या मातीत खोलवर गेलेल्या. वाफ्याची ती बाजू उंच, आळ्यातलं पाणी तिथवर पोचलंच नव्हतं.

"दाब कलम," ती पुटपुटली. "अहो, फांदी वाकवून मातीत दाबली की तिला मुळं फुटतात. तुम्ही दाब कलम केलंत."

"मी?"

"तुम्ही कसले करताय! झालं."

तिनं एक पान खुडलं, चोळलं, नाकाशी धरलं. या वेळी लगेच डोळे मिटले. मग तोच हात तिनं त्यांच्या नाकाशी आणला. फ्यूजकाकांनी जोरात श्वास घेतला, काही म्हणजे काही आलं नाही, आणि हो म्हणायला त्यांचं तोंड उघडलं. पण एवढ्या थंडीत फार वेळा हो म्हणून झालं होतं.

"मला नाही येत गं वास," ते म्हणाले.

"ठाऊक आहे मला. घ्या तरी."

ते घेत राहिले. मग बायकोनं मातीच्याच हातानं लेकीला फोन लावला. पलीकडून आधी बाळाचं रडणं ऐकू आलं, मग लेकीचा आवाज.

"आहे गं, आजीचा मरवा आहे," बायको म्हणाली. "एकच फांदी, पण मुळं धरलेली. बाबांनी जगवलाय. थंडीभर ताण देऊन."

"अगं, मारलाही मीच," फ्यूजकाका कुजबुजले.

तिनं फोनवर हात ठेवला. "ते तिला मी तिथे गेल्यावर सांगणार आहे. समोर बसून. मलाही बघायचंय तिचं तोंड."

फ्यूजकाकांचा जीव इतका हलका झाला की त्यांना काहीतरी करावंसं वाटलं. ते उठले, नळापाशी गेले, झारी भरली आणि त्या फांदीकडे निघाले.

"अहो!" बायको फोन सोडून ओरडली. "ठेवा ती खाली!"

त्यांनी ठेवली.